शिवशंकरचा बायपास

शिवशंकर कडूबा शिंगाडे याच्या तोंडून 'मला ठाऊक नाही' हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं. जिभेत काही दोष नव्हता; बाकी सगळं ती सुरेख उच्चारत असे. देवगाव रंगारीच्या शिवारात वडलांबरोबर मेंढरांमागं हिंडायचा, तेव्हापासूनची ही खोड. रस्ता चुकलेल्या एखाद्या वाटसरूनं विचारलं, की पोरगं मान वर न करता हात लांब करून कुठली तरी दिशा दाखवायचं. कन्नडला निघालेली माणसं वैजापूरच्या रस्त्याला लागायची. कडूबांनी एकदा त्याच्या कानाखाली जाळ काढला होता. "ठाव नसंल तर ठाव नाय म्हनावं, येड्या." पोरानं त्यातून एवढाच धडा घेतला, की बाप जवळ नसताना दिशा दाखवावी.

पुढं तो छत्रपती संभाजीनगरला आला, डिप्लोमा झाला आणि रामकिसनशेठच्या 'मराठवाडा तुफान नेट'मध्ये लागला. रामकिसनशेठ आधी केबल टीव्हीवाले. गच्चीवरच्या छत्र्या गेल्या, इंटरनेट आलं, खांब तेच राहिले. शिवशंकर सुरुवातीला त्या खांबांवर चढून वायरी जोडायचा. मग शिडी सुटली आणि खुर्ची मिळाली. खुर्चीला हुद्दा नव्हता, तो त्यानं स्वतःच दिला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एक ओळखपत्र छापून घेतलं, त्यावर 'नेटवर्क आर्किटेक्ट' असं लिहिलं आणि ते गळ्यात अडकवून तो भाजी आणायलाही जाऊ लागला.

पुंडलिकनगरातल्या त्या ऑफिसात तक्रारीचे फोन घ्यायला आमरीन होती. दिवसभर तिच्या कानात शहर ओरडत असायचं. तक्रारींची कारणं ठरलेली. पाण्याच्या नव्या लाइनीसाठी रस्ता खोदताना जेसीबीनं वायर तोडली. खांबावरच्या पेटीत मुंग्यांनी घर केलं. कडब्याच्या ट्रॅक्टरनं लोंबती वायर ओढून नेली. या शहरात पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, पण पाण्यासाठीचं खोदकाम रोज येतं. त्यामुळं आमरीनला उसंत नसायची. सर्व्हरबद्दल मात्र कधी तक्रार नव्हती. तो चिकलठाण्याच्या एका भाड्याच्या खोलीत एसीखाली आपलं काम गुपचूप उरकायचा आणि उरलेला दिवस डुलक्या काढायचा.

एकदा रामकिसनशेठ हैदराबादच्या प्रदर्शनाला जाऊन आले. येताना त्यांनी पिशवीभर फुकटचे पेन आणले आणि एक शब्द आणला. आल्या आल्या शिवशंकरला बोलावलं.

"शिवशंकर, ह्ये युजर स्पेस काय भानगड हाय? तिथं जो तो त्येच बोलत व्हता."

हा शब्द शिवशंकर जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.

"साहेब, वर्षभर माझ्या डोक्यात तेच घोळतंय," तो म्हणाला. "तुमच्याजवळ विषय काढणारच होतो."

मग तो फोन घेऊन संडासात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो ज्ञानी होऊनच.

"साहेब, असं बघा. सर्व्हरमध्ये कर्नल नावाचा एक नाकेदार असतो. नेटवरून आलेला प्रत्येक माल तो नाक्यावर थांबवतो, बघतो, शिक्का मारतो आणि मग पुढं सोडतो. यात वेळ जातो. नवीन पद्धतीत काय, नाकेदाराला बाजूला करायचं. नेटवर्कचं कार्ड थेट आपल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात द्यायचं. हा प्रोग्रॅम जिथं राहतो, ती युजर स्पेस. माल आला की सरळ आत. म्हणजे बायपासच!"

"बीड बायपाससारखा?" शेठनी विचारलं.

शिवशंकर जरा अडखळला. बीड बायपास एके काळी गावाबाहेरून जायचा. मग गाव उठून त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसलं आणि आता लोक त्या बायपासला बायपास शोधत असतात.

"तसा नाही साहेब. हा मोकळा आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हे बसवलं की सर्व्हरचा प्रोसेसर कायम शंभर टक्के दिसेल. घाबरायचं नाही."

"का बरं?"

हे मात्र त्यानं झकास समजावलं. "आपल्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा शेजारीण ओरडते, 'पाणी आलं वो!' मग आपण उठतो. कर्नलचं तसं असतं. नव्या पद्धतीत एक माणूस नळाजवळच बसवून ठेवायचा. आलं का? आलं का? आलं का? दुसरं काही करायचं नाही त्यानं. पाणी आलं की त्याच क्षणी बादली खाली. पाणी असो नसो, तो माणूस कामात."

रामकिसनशेठच्या डोळ्यांत आदर दाटून आला. दिवसभर कामात राहणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. नाक्यावर गर्दी आहे का, हे कुणी विचारलं नाही. पुंडलिकनगरच्या खांबावर मुंग्या होत्या आणि चिकलठाण्यात बायपास होणार होता.

हे प्रकरण मुळापासून बांधायचं, तर त्याची सगळी घडण आपल्या यंत्राला जुळवून करावी लागते. शिवशंकरनं त्याच्या सूचनांची पहिली चार पानं पाहिली आणि त्याला घाम फुटला. पण शोधता शोधता त्याला आयतं बांधलेलं गाठोडं सापडलं. कुणीतरी परदेशात सगळं शिजवून डबा भरून ठेवलेला. उतरवून घ्यायचा, बसवायचा, एवढंच. तो निर्धास्त झाला. असल्या प्रोग्रॅमच्या गाठोड्याला तिथं 'स्टॅक' म्हटलं होतं, तो शब्द उचलून तो सगळ्यांना सांगू लागला, "स्टॅक बांधतोय. मोठं काम आहे."

त्याची बायको प्रांजली शाळेत शिकवायची. तिनं एका जेवणात सगळं काढून घेतलं. "म्हणजे दुकानातून पापड आणायचे आणि लाटले म्हणून सांगायचं," ती म्हणाली.

"भाजावे लागतातच ना!" शिवशंकर म्हणाला.

डब्यासोबत सूचनापत्रही होतं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, की ज्या कार्डावरून तुम्ही स्वतः सर्व्हरपर्यंत पोचला आहात, ते कार्ड कृपा करून याच्या हवाली करू नका. वेगळं रिकामं कार्ड द्या. सर्व्हरला असं एक रिकामं कार्ड होतंही. पण शिवशंकर सूचनापत्र औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचायचा. गोळी कधी घ्यायची तेवढं बघायचं, बाकीची चिठ्ठी खोक्यात.

शेठनी मुहूर्त काढला. ऑफिसला झेंडूची तोरणं लागली, पेढे आले, वॉर्डाचे माजी नगरसेवक आले. शिवशंकरच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं गेलं. एक बोट कुंकू 'एम'च्या बटणात शिरलं आणि तिथंच राहिलं. शिवशंकरनं कोट घातला होता. त्यानं ऑफिसात बसूनच चिकलठाण्याच्या सर्व्हरचं दार उघडलं, डबा उतरवून ठेवलाच होता, शेवटची आज्ञा टाइप केली आणि नम्रपणे बाजूला झाला.

"एंटर नगरसेवक साहेबांच्या हस्ते."

नगरसेवकांनी अंगठीवाल्या बोटानं एंटर दाबलं. पडद्यावरचा लुकलुकणारा ठिपका लुकलुकायचा थांबला. टाळ्या पडल्या. नारळ फुटला.

"झालं?" शेठनी विचारलं.

"झालं," शिवशंकर म्हणाला. ते खरंच होतं.

त्यानं एक बटण दाबून पाहिलं. काही उमटलं नाही. दुसरं दाबलं. मग 'एम' दाबलं, बोटाला कुंकू लागलं. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत आमरीनचा फोन वाजला. तो ठेवते न ठेवते तोच दुसरा. मग सगळेच.

"सर," ती दारात येऊन म्हणाली, "पूरे शहर का नेट गया. गारखेडा, सिडको, मुकुंदवाडी, सब. क्या बोलूं लोगां को?"

शिवशंकरला उमगलं. ज्या कार्डावरून तो सर्व्हरमध्ये शिरला होता, ज्या कार्डावरून सगळ्या गिऱ्हाइकांचा माल ये-जा करत होता, तेच कार्ड त्यानं नाकेदाराकडून हिसकून नव्या प्रोग्रॅमच्या हातात दिलं होतं. आणि त्या प्रोग्रॅमला अजून कुणाला ओळखायचं हेसुद्धा शिकवलेलं नव्हतं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातली होती, आणि तीही नगरसेवकांच्या हातून.

"साहेब," तो शेठना म्हणाला, आणि त्याचा आवाज जराही हलला नाही, "नवीन रस्ता चालू करताना जुनी वाहतूक थोडा वेळ बंद ठेवावी लागते. मी जागेवर जाऊन पाहणी करतो. तुम्ही पेढे घ्या."

कोटासकट तो स्कूटीवर बसला. पुंडलिकनगरातून बाहेर पडेपर्यंत दोन ठिकाणी रस्ता खोदलेला. मुकुंदवाडीच्या चौकात सिग्नल बंद आणि रिक्षा चारी दिशांनी तोंड घालून बसलेल्या. चिकलठाण्याला पोचून त्यानं खोलीचं कुलूप उघडलं. आत सर्व्हर शांत उभा होता. शिवशंकरनं त्याला हात जोडले आणि बंद करून पुन्हा चालू केला.

यंत्र जागं झालं. कर्नल आपल्या जागी येऊन बसला, कार्ड ताब्यात घेतलं आणि जणू मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात माल तपासून सोडू लागला. नगरसेवकांच्या एंटरचा मागमूस उरला नाही. रिकामं कार्ड तिथंच होतं, ते देऊन नीट सगळं करता आलं असतं. पण शिवशंकरला आता त्या डब्याचं तोंडही बघायचं नव्हतं. त्यानं तो परदेशी डबा यंत्रातून पुसून काढला आणि फरशीवर बसला. शेठना काय सांगायचं, हे तो जुळवत होता. चूक कबूल करावी, असाही एक विचार येऊन गेला. तो खरा होता, पण टिकला नाही. कारण शेठचाच फोन आला.

"शिवशंकर! लई भारी! सुसाट पळतंय! नगरसेवक साहेब इथंच हायेत, त्यांच्या मोबाइलवर बघितलं, ते बी म्हनत्यात जमीन-अस्मानाचा फरक हाय! चालू झालं नव्हं आपलं त्ये?"

शिवशंकरनं सर्व्हरकडं पाहिलं. कालचाच सर्व्हर. कालचाच वेग.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "चालू झालं."

एका होकारानं प्रकरण मिटलं असतं, पण दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "ते शंभर टक्के दाखव की." नळाजवळ बसलेला माणूस त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. शिवशंकरनं पडदा उघडला, तर प्रोसेसर चार टक्क्यांवर घोरत होता. "मोजणी उद्या दिसेल," तो म्हणाला. मग त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो काहीही करत नसे. नुसता स्वतःभोवती गोल गोल धावत असे, प्रोसेसर पुरता दमेपर्यंत. आकडा शंभरावर गेला आणि लाल झाला. शिवशंकरनं आयुष्यात पूर्णपणे स्वतःच्या हातानं बांधलेली ही पहिलीच वस्तू.

शेठ इतके खूश झाले, की त्यांनी बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही लावला आणि त्यावर तो लाल शंभर कायम ठेवला. नवीन जोडणी घ्यायला आलेली माणसं तिथं उभी राहून फोटो काढू लागली. जालना रोडवर फलक लागला : 'मराठवाड्यात प्रथमच! बायपास टेक्नॉलॉजी!' स्थानिक पेपरात शिवशंकरचा कोटातला फोटो आला. एका इंजिनिअरिंग कॉलेजनं त्याला व्याख्यानाला बोलावलं. त्यानं नाकेदार सांगितला, नळ सांगितला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, प्राचार्यांनी शाल दिली. परतताना गाडीत त्याला स्वतःलाच वाटू लागलं, की आपण ते बसवलं आहे. निदान बसवल्यासारखं आहे. कडूबांचा गावाहून फोन आला. "पेपरात तुजा फोटू बघितला रं. काय केलं म्हनं?"

"नाकेदार हटवला, बा."

"आन् त्येच्या पोराबाळांचं?" कडूबांनी विचारलं. शिवशंकरनं फोन ठेवला.

मग एप्रिल आला. बाहेर डांबर वितळायला लागलं. चिकलठाण्याच्या खोलीतला एसी म्हातारा. त्याच्याखाली एक यंत्र दिवसरात्र जीव तोडून काहीच करत नव्हतं. यंत्र तापलं, की जळू नये म्हणून आपोआप मंद होतं. तेही मंद झालं. संध्याकाळी सगळे घरी येऊन मॅच लावायचे तेव्हा चित्र गोठायचं. आता खरोखर नाक्यावर गर्दी झाली. आमरीनचे दोन्ही कान तापले. लोक तिला जे बोलत, ते तिनं घरी सांगितलं असतं तर घरच्यांनी नोकरी सोडायला लावली असती.

ती शिवशंकरच्या टेबलाशी आली. "सर, मेरेकु मशीन का कुछ समजता नहीं. पण जबसे वो टीवी पे सौ लगा है ना, तबसे फोन बढ गए. एक बार वो सौ बंद करके तो देखो."

"तो सौ बंद करायचा नसतो. तोच तर स्टॅक आहे."

"देखो तो सही."

तिच्या समाधानासाठी, असं स्वतःला सांगत त्यानं तो गोल धावणारा प्रोग्रॅम थांबवला. आकडा चारावर आला. संध्याकाळ झाली. मॅच चालू झाली. फोन वाजला नाही. आमरीन हातात पेन धरून बसून राहिली. तिला शांततेचं काय करायचं ते कळेना.

शेठ टीव्हीसमोर दचकून उभे. "शिवशंकर, शंभर कुठं गेलं?"

"साहेब, दुसरी आवृत्ती टाकली," शिवशंकर म्हणाला. "आता नळाजवळचा माणूस इतका तयार झालाय, की बसल्या बसल्या डुलकी काढली तरी थेंब चुकत नाही."

नेट खरोखरच पळत होतं, गेल्या कित्येक महिन्यांत पळालं नव्हतं असं. शेठनी त्याला मिठी मारली. दुसऱ्या आठवड्यात तो मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाला, आणि या वेळी ओळखपत्र कंपनीनं छापून दिलं.

आमरीननं मात्र दोन आणि दोन चार केले होते. महिनाअखेरीला ती राजीनामा घेऊन आली. एका दवाखान्यात नाव-नंबर घ्यायचं काम मिळालं होतं तिला. कागद टेबलावर ठेवून ती उभी राहिली.

"सर, एक बात पुछूं? वो नया वाला कभी लगाच नहीं था ना?"

शिवशंकरनं तोंड उघडलं. नाकेदार, नळ, दुसरी आवृत्ती, सगळं ओठांपर्यंत आलं.

"बोलो मत," ती म्हणाली. "मैं किसीको नहीं बोलती. पण सुनो. तुमको शाल मिली, शेठ को बोर्ड मिला. लोगां की गालियां मैंने खाई. एक दिन तो आके बोलना था ना, कि आमरीन, गलती मेरी है."

ती गेली. शिवशंकरनं राजीनाम्याचा कागद खणात ठेवला. कुणी प्रश्न विचारावा आणि आपल्याकडं उत्तर नसावं, असं त्याच्या आयुष्यात घडत आलं होतं. पण उत्तर असूनही देता येऊ नये, हे नवीन होतं.

ते त्याला बोचलं. आणि बोचल्यावर त्यानं असं काहीतरी केलं, जे त्याच्या स्वभावात नव्हतं. रविवारी सकाळी तो चिकलठाण्याला गेला. खोलीत एक जुना सर्व्हर धूळ खात पडला होता, तो पुसला, जोडला. परदेशी डबा पुन्हा उतरवून घेतला आणि सूचनापत्र पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. कळलं नाही तिथं परत वाचलं. मेमरीचे मोठाले तुकडे आधीच राखून ठेवायला सांगितलं होतं, ते राखले. आपण ज्यावर उभे आहोत ते कार्ड कोणतं, हे दोनदा तपासलं आणि दुसरं, रिकामं कार्ड नव्या प्रोग्रॅमच्या ताब्यात दिलं. आणखी एका यंत्रावरून त्याच्याकडं मालाचा लोंढा सोडला.

पहिल्यांदा काही झालं नाही. एक आकडा चुकला होता, दुरुस्त केला. मग पडद्यावर वेगाचे आकडे धावू लागले. असे आकडे शिवशंकरनं फक्त फलकांवर छापलेले पाहिले होते. जुनं खटारा यंत्र, आणि त्यातून माल असा निघून जात होता की नाक्याची आठवणसुद्धा नको. प्रोसेसर शंभर टक्के, लाल. आणि या वेळी तो लाल खरा होता. शिवशंकर उठून उभा राहिला, परत बसला. त्या रिकाम्या खोलीत तो मोठ्यानं हसला. त्यानं शेठना फोन लावला.

"साहेब, बायपास झाला! खरोखरचा! तुम्ही या, डोळ्यांनी बघा!"

"अरे, त्ये तर जुनं झालं की," शेठ म्हणाले. मागं कुकरची शिट्टी वाजत होती. "साहेबांनी बटन दाबलं तवापास्नं चालूच हाय आपलं. आता काय नवं असंल तर सांग. रविवार हाय, जेवन करू दे."

प्रांजलीला लावला. ती पोरांच्या वह्या तपासत होती. "ते मागंच झालं ना? शाल आहे की कपाटात."

मग बराच विचार करून त्यानं आमरीनला लावला आणि एका दमात सगळं सांगितलं : सूचनापत्र, दुसरं कार्ड, चुकलेला आकडा, सगळं.

"मुबारक हो सर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "अब क्या करेंगे उसका?"

याचा त्यानं विचार केला नव्हता. गिऱ्हाइकं जुन्या सर्व्हरवर सुखात होती. त्यांना याची गरज नव्हती, तेव्हाही नव्हती. जुन्याच्या जागी हे लावायचं, तर शेठना सांगावं लागणार की आजवर काय लावलं होतं.

"एक मिनिट सर, पेशंट खडे हैं," आमरीन म्हणाली आणि फोन कटला.

दुपारपर्यंत तो आकडे बघत बसला. मग खोली तापायला लागली. एसीला एवढी यंत्रं झेपेनात, आणि गिऱ्हाइकांचा सर्व्हर मंद व्हायला लागला असता. शिवशंकरनं एकदा शेवटचं पडद्याकडं पाहिलं आणि स्वतःच्या हातानं बटण दाबून खरा बायपास बंद केला.

पुढच्या आठवड्यात गंगापूरच्या शाखेचं उद्घाटन होतं. मंडप मोठा होता. मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यांनी दोन शब्द बोलावेत असा शेठचा आग्रह पडला, म्हणून शिवशंकर शिंगाडे उठले आणि बायपासवर बोलले. छान बोलले, असं ऐकणारे सांगतात.